चौथ्या फाट्यावरचा लाल चौकोन

कुरंगी, ता. शहादा
१२ नोव्हेंबर २०२४

ती. दिपालीताईस,
सप्रेम नमस्कार.

फोनवर तू म्हणालीस, "एका वाक्यात सांग." ते मला जमत नाही, म्हणून मेलवर सविस्तर लिहितो. चहा घेऊन बस आणि वाच.

परवा पंपहाउसवर दोधूबाबांचं डोकं फुटलं. फावड्याचा दांडा घातला, तोही त्यांच्या सख्ख्या पुतण्याने. कारण काय, तर तिसऱ्या फाट्याचं पाणी अचानक बंद झालं आणि बाबा व्हॉल्व्हजवळ उभे दिसले. म्हातारा नुसता तंबाखू मळत होता गं. स्टार्टरच्या पेटीवर उडालेलं रक्त मिथुनने पुसलं. मिथुन म्हणजे आपल्या पाणी सोसायटीच्या मोटरी सांभाळतो तो, मोलगीकडचा. तो आणि त्याची बायको भिकुबाई पंपहाउसच्या मागच्या खोलीत राहतात.

आपण तापीचं पाणी उचलून पाइपलाइनच्या चार फाट्यांनी शेतांना देतो, हे तुला माहीत आहे. आधी एका कंपनीचं सॉफ्टवेअर होतं. मोटर चालू करायची, दाब बघायचा, व्हॉल्व्ह उघडायचा, शेतकऱ्याला मेसेज टाकायचा, व्हॉल्व्ह बंद करून पुढच्या फाट्याकडे वळायचं, हे सगळं ते आपोआप करायचं. दिवाळीच्या आधी त्या कंपनीने गाशा गुंडाळला. तिचा सर्व्हर गेला, आपला पडदाही गेला. आता सगळं हाताने. पाणी कोणी तोडलं ते दिसत नाही, म्हणून जो दिसतो त्याला मारतात.

तुझं ऑफिसातलं काम हेच ना, कोणतं काम चाललं आणि कोणतं अडकलं ते पडद्यावर बघायचं? तसंच मला पंपहाउसात बसवायचंय. आपल्या कॉम्प्युटरवर, आपल्या ताब्यात. प्रत्येक कामाला एक चौकोन. झालं तर हिरवा, थांबलं तर लाल. ज्याने त्याने आपल्या मोबाइलवर बघावं. मग कोणी फावडं उचलणार नाही.

तुझ्या आप्पांना विचारलं. शेवटच्या चौथ्या फाट्यावर त्यांचीच पपई जास्त, फळाने झाडं वाकली आहेत. ते म्हणाले, "दिपालीले सांग, ती करी दी."

तुझा,
भावेश

*

पुणे
१६ नोव्हेंबर २०२४

चि. भावेश,
अनेक आशीर्वाद.

दोधूबाबांचं वाचलं. लहानपणी आम्हाला बैलगाडीत बसवून नदीवर न्यायचे ते.

तू म्हणतोस ते होण्यासारखं आहे. माझा जुना कॉम्प्युटर माळ्यावर आहे, तो आप्पांकडून घे. सोबत एक फाइल पाठवते. आमच्याकडे वापरून झालेली आहे, तीच थोडी बदलली. कामं वेळेवर सुरू करायची आणि त्यांचे चौकोन पडद्यावर दाखवायचे, दोन्ही त्यातूनच होईल. पायऱ्या खाली एकेक करून लिहिल्या आहेत. कॉम्प्युटरवर सध्या तुमच्यापैकी कोणाच्याही नावाचं लॉगिन कर आणि त्यावरच बसव, नाव आपण नंतर बदलू. बॅटरी मोठी लाव. लाइट गेली की पडदा मरायला नको.

आणि घाई करू नकोस. थोडे दिवस तू आणि मिथुन दोघांनीच बघा, मग गावाला दाखवा.

आप्पांच्या गोळ्या संपल्या असतील, तेवढं बघ. भूपेश पोटचा मुलगा, पण त्याला सांगून काही होत नाही.

तुझी,
ताई

*

कुरंगी
३ डिसेंबर २०२४

ताई,

चालू झालं!

पंपहाउसच्या भिंतीवर जुना टीव्ही लावलाय. सकाळी मोटर सुरू झाली की पहिला चौकोन हिरवा होतो. लोक चपला काढून आत येतात आणि देवळात उभं राहावं तसे उभे राहतात. रोज कॉम्प्युटर मिथुनच उघडतो, म्हणून लॉगिन त्याच्याच नावाचं केलं होतं, त्यावरच सगळं बसवलं. भिकुबाईने टीव्हीला हळदकुंकू लावलं.

तू थांब म्हणाली होतीस, पण लोक ऐकेनात. लिंक गावाच्या ग्रुपवर टाकली. पहिला आठवडा एकही शिवी ऐकली नाही.

आता एक अडचण आली आहे. चौथा फाटा लाल होतोय. पाणी सुरू होतं, शेवटच्या शेतांपर्यंत पोचायला लागतं आणि काम थांबतं. पडद्यावर येतं, "थांबवले: मिथुन". लोक मला विचारतात, मी मिथुनला विचारतो. तो रडकुंडीला येऊन म्हणतो, "भाऊ, मी हात बी नही लावा." माझा त्याच्यावर विश्वास आहे. पण पडद्यावर नाव तर त्याचंच आहे ना?

चौथ्या फाट्यावरचे लोक म्हणतात, पहिल्या फाट्याच्या नवनीतने त्याला फितवलंय. काल आप्पांनी त्याची कॉलर धरली. मी मध्ये पडलो. पपईची पानं पिवळी पडून गळायला लागली आहेत, त्यांचाही जीव जळतोय.

फोटो जोडलाय. जमेल तेव्हा बघ.

भावेश

*

कुरंगी
९ डिसेंबर २०२४

ताई,

मिथुन गेला.

काल सकाळी चौकोन पुन्हा लाल झाला. लोकांनी तो घरूनच मोबाइलवर पाहिला आणि पंपहाउसवर आले. काठ्या होत्या, फावडी होती. त्याला बाहेर ओढून सिमेंटच्या हौदाशी मारलं. मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. डोकं असं झालं होतं की भिकुबाईने ओढणी टाकली तरी आकार दिसत होता. हौदाचं पाणी लाल झालं. मोटर चालूच होती. ती बंद करायचं कोणाला सुचलं नाही.

कोण होते ते सांगता येत नाही. गर्दी होती. पोलिसांनी अनोळखी लोकांवर गुन्हा घेतलाय. भिकुबाईला त्यांनी विचारलं, पण तिची दातखीळ बसली होती. प्रेत घेऊन ती आज मोलगीकडे गेली. जीपवाला तयार होत नव्हता, मी शहाद्यापर्यंत शेजारी बसतो म्हटल्यावर निघाला.

तू फोटो पाहिलास का?

भावेश

*

पुणे
१० डिसेंबर २०२४

भावेश,

फोटो आज पाहिला. तुझा मेल आला तेव्हा ऑफिसात मोठं काम सुरू होतं. "जमेल तेव्हा" वाचलं आणि बाजूला ठेवला. आता त्याचं काय करू ते मला कळत नाही.

नीट वाच. कोणीही काही थांबवलेलं नाही. मी पाठवलेल्या फाइलीत प्रत्येक कामाला दोन तासांची मर्यादा आहे. आमच्याकडे एखादं काम अडकून बसू नये म्हणून ती ठेवतात. बाकीचे तीन फाटे त्याच्या आत होत असणार. चौथा लांबचा, त्याला जास्त वेळ लागतो. दोन तास झाले की कॉम्प्युटर स्वतःच काम तोडतो, आणि ज्या लॉगिनवर सगळं बसवलंय त्याचं नाव लिहितो. कॉम्प्युटरला माणूस माहीत नसतो रे. त्याला फक्त लॉगिन माहीत असतं.

म्हणजे मर्यादा माझी, नाव तू दिलेलं, आणि मेला तो.

हे आजच गावात सगळ्यांसमोर सांग. आणि पोलिसांना नावं दे. गर्दी होती म्हणे! कुरंगीत तू पाठमोरा माणूस चालीवरून ओळखतोस. दिवसाउजेडी झालेला खून आणि तुला एक चेहरा आठवत नाही? भेकडपणा करू नकोस. ते गुंड उद्या आणखी कोणाला मारतील.

आप्पांना फोन केला होता. ते त्या दिवशी म्हसावदला बियाणं बघायला गेले होते, त्यांना संध्याकाळी कळलं. आवाज फार खचलेला वाटला. आई म्हणाली की पपई उतरवताना त्यांच्या हाताला विळा लागलाय. धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला घेऊन जा. तुझंच ऐकतात ते.

ताई

*

नंदुरबार, दवाखाना
१७ डिसेंबर २०२४

ताई,

मला फोन करू नकोस, बोलता येत नाही. जबडा तारेने बांधलाय, नळीने पातळ भात घेतो. म्हणून टाइप करतो.

तुझा मेल मी मारुतीच्या पारावर मोठ्याने वाचून दाखवला. नवनीत होता, दोधूबाबा होते, चौथ्या फाट्याचे सगळे होते. "कोणी थांबवलंच नव्हतं" एवढं वाचलं आणि भूपेश उठला. होय, आपला भूपेश, तुझा भाऊ. "बंद कर," म्हणाला. मी पुढे वाचत राहिलो. त्याने नांगराची खीळ तोंडावर मारली. दात गिळले मी. खाली पडल्यावर त्याने छातीवर पाय दिला आणि कानाशी वाकून म्हणाला, "आप्पाले जेलमा धाडशी का?"

आता लिहितो. आधी लपवलं, कारण तू त्यांची मुलगी आहेस.

मी उशिरा पोचलो नव्हतो. मी पंपहाउसच्या छतावर होतो, नेटची तार बांधत होतो. सगळं वरून पाहिलं. सात-आठ जण आले. सगळ्यात पुढे आप्पा होते. मिथुन भाकरी खात होता, तसाच हात वर करून उभा राहिला. आप्पा म्हणाले, "मन्ही पपई मरी ऱ्हायनी आनी तू बटन दाबी ऱ्हायना?" खुंटीवरचा मोठा पाना त्यांनी काढला आणि पहिला घाव खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज वर आला. मिथुन रांगत हौदापर्यंत गेला. भूपेशने त्याचे पाय धरून ठेवले. नंतरचे घाव डोक्यावर होते, सगळे आप्पांचे. बाकीचे आधी लाथा घालत होते, मग तेही मागे सरले. "आप्पा, बस करा," कोणीतरी म्हणालं. आप्पा थांबले नाहीत.

मिथुनने मला वर पाहिलं होतं. "भाऊ, सांगा ना यास्ले," असं ओरडला. शिडी लावलेली होती. मी उतरलो नाही. आडवा झालो आणि पत्र्याला तोंड लावून पडून राहिलो.

भिकुबाई आली. नदीवर धुणं धूत होती, ओरडा ऐकून विळा घेऊन धावत आली. आप्पांच्या हाताला लागलेला विळा तोच. पपईचा नाही.

डीवायएसपी साहेब दोनदा येऊन गेले. मी पाटीवर "दिसलं नाही" लिहिलं. उद्या परत येणार आहेत. तू नावं दे म्हणालीस. आता सांग, देऊ?

भावेश

*

पुणे
१८ डिसेंबर २०२४

भावेश,

तुझा जबडा मोडला याचं वाईट वाटतं. पण तू लिहिलंस ते खोटं आहे.

आप्पा कोंबडी कापताना घरातून बाहेर जायचे. मला त्यांनी कधी चापट मारली नाही. तू बारा वर्षांचा असताना काका वारले, तुला त्यांनी वाढवलं, शिकवलं. त्याची ही परतफेड? आप्पांनी विहिरीजवळचा बांध सरकवल्याचा राग तुझ्या मनात आहे, हे मला ठाऊक आहे. भूपेशने मारलं म्हणून तू त्याच्या बापाचं नाव घेतोस. छतावर होतास तर उतरला का नाहीस? दुसऱ्याच्या गळ्यात टाकायला सोपं असतं.

मी कुरंगीला निघाले आहे. समोर विचारते. तोपर्यंत पोलिसांना एक अक्षर लिहून देऊ नकोस.

दिपाली

*

शहादा
२१ डिसेंबर २०२४

भावेश,

मला माफ कर. डावा हात बांधलाय, एका हाताने टाइप करते आहे.

सकाळी घरी पोचले. आप्पा ओट्यावर बसले होते. मी म्हटलं, "हात दाखवा." त्यांनी पट्टी सोडली. पपई तोडताना तशी जखम होत नाही. कोपरापासून मनगटापर्यंत, वरून खाली. मी विचारायच्या आधीच त्यांनी मान खाली घातली. मग मी त्यांच्यासमोर बसून सगळं समजावलं. माझी फाइल, दोन तास, लॉगिन. त्यांना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा म्हणाले, "म्हंजे त्यानी थांबाडंच नही?"

"नाही, आप्पा. कोणीच नाही."

"मंग मी त्याले कसाले मारं?"

पुन्हा पुन्हा तेच विचारत होते, जणू ते मला माहीत असावं. मग उठले आणि पंपहाउसकडे चालायला लागले. मी मागे. पाना धुऊन परत त्याच खुंटीवर टांगला होता, भावेश. तो काढून त्यांनी टीव्ही फोडला, मग कॉम्प्युटर. टेबलावर घाव घालत होते, तोंडाने कसलातरी आवाज निघत होता. मी टेबलावर हात टाकून आडवी आले. त्यांनी मला पाहिलं. पाहून घाव घातला. दोन बोटं मोडली. आतापर्यंत जे मी खोटं म्हणत होते ते मला तिथे दिसलं. तो चेहरा मिथुनने शेवटचा पाहिला असणार.

भूपेश धावत आला, त्याने त्यांना खाली पाडलं. त्याच्याही दंडाला त्यांनी कडकडून चावा घेतला. काचांमध्ये बाप-लेक लोळत होते. शेवटी भूपेश त्यांच्या छातीवर बसला आणि मला म्हणाला, "ताई, घरचं घरात राहू दे." मी त्याच्यासमोरच डीवायएसपी साहेबांना फोन लावला.

दोघांना नेलं. मी जबाब दिला: फाइल माझी, मर्यादा माझी, बोटं कोणी मोडली तेही. पण मिथुनला मारताना मी पाहिलेलं नाही. भिकुबाई अजून बोललेली नाही, ते तूच सांगू शकतोस. दे नावं. आपलं कोणी असलं तरी दे.

आईने मला घरात घेतलं नाही. माझी बॅग ओट्यावरून खाली फेकली आणि म्हणाली, "नवरा नेला, पोरगा नेला, आता तोंड दाखवू नको." शहाद्याला लॉजवर आहे.

तुझी,
ताई

*

कुरंगी
१८ जानेवारी २०२५

ती. ताईस,
नमस्कार.

तारा काढल्या. बोलता येतं, पण बोबडं, म्हणून लिहितो. जबाब मी तुझा मेल आला त्याच दिवशी दिला, आठही नावं. माझंही लिहिलं, की छतावर होतो आणि उतरलो नाही. साहेब म्हणाले, "तो गुन्हा नाही." मी पाटीवर लिहिलं, तरी लिहा.

परवा मोलगीला गेलो. मिथुनची झोपडी रस्त्यापासून वर चढून आहे. नाव सांगितलं आणि भिकुबाईचा भाऊ नवल याने पाठीत काठी घातली. मी पडलो. दुसरी घातली, तिसरी घातली. मी हात वर केला नाही. भिकुबाई दारात उभी राहून बघत होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "राहू दे. बोलायला आलाय, बोलू दे."

मी सगळं सांगितलं. पडदा, मर्यादा, नाव. तिने ते अर्धंच ऐकलं. "तो तुला हाक मारत होता, ती मी नदीवरून ऐकली," एवढं म्हणाली. मग म्हणाली, "खोलीत माझी भांडी आहेत, लुगडी आहेत. उद्या आणायला येते. तू सोबत चल. मागच्या वाटेने नाही, गावातून."

काल आलो. जीप गावाबाहेर रस्त्यावर उभी केली आणि गावातून चालत गेलो. नवल पुढे, भिकुबाई मध्ये, मी मागे. ज्यांची नावं दिली त्यांच्या घरासमोर पहिला दगड आला. माझ्या मांडीला लागला. दुसरा भिकुबाईच्या खांद्यावर. तिने वळून पाहिलं नाही. तिसरा येणार तेवढ्यात दोधूबाबा काठी टेकत रस्त्यात येऊन उभे राहिले आणि मग कोणी मारला नाही.

खोलीतलं सामान तिने लुगड्यात बांधलं. परत येताना ती तुमच्या घरासमोर थांबली. मोठीआई, तुझी आई, ओट्यावर होती. मला वाटलं, आता शिव्या देणार, नाहीतर दार लावून घेणार. भिकुबाईने गाठोडं खाली ठेवलं आणि विचारलं, "त्या दिवशीचे तुझ्या नवऱ्याचे कपडे कोणी धुतले?"

आजूबाजूला आठ-दहा जण जमले होते. मोठीआई म्हणाली, "मी."

"रक्त होतं?"

"सदरा भिजेल होता. दोनदा धोया."

"कोर्टात सांगशील?"

मोठीआई रडली नाही गं. ओट्यावरून उतरली, गाठोड्याचं एक टोक उचललं. भिकुबाईने ते ओढून घेतलं, तिला हात लावू दिला नाही. स्वतःच डोक्यावर घेतलं आणि चालायला लागली. मोठीआई तिच्या मागे जीपपर्यंत आली, अनवाणी. जीप सुरू झाली तेव्हा खिडकीचा गज धरून म्हणाली, "मी येसू कोर्टात."

आज सकाळी तिने मला बोलावून कोर्टात जबाब द्यायची तारीख विचारली. हळू आवाजात म्हणाली, "दिपालीले सांग, आदल्या दिवशी घर ये. मले एकलीले कोर्टात जाता येत नही."

तेव्हा लॉजवर उतरू नकोस. तुझी खोली तिने झाडून ठेवलीय.

तुझा,
भावेश